बंडी आली का वं?

एका वाचक सुनेचं पत्र, थोडं आवरून:

"ताई, आम्ही केळापूर तालुक्यातल्या खेड्यात राहतो. आठ एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. त्यांचं माहेर सिरोंच्याकडचं, तेलुगू बोलणारं. इकडे लग्न होऊन आल्या त्याला साठ वर्षं झाली. दोन वर्षांपासून विसरतात, पण आता वेगळंच सुरू आहे. दिवस मावळतीला आला की दारात जाऊन उभ्या राहतात. 'बंडी (बैलगाडी) आली का वं? तुह्या सासऱ्याले भाकर झाकून ठेव.' मामंजी जाऊन अकरा वर्षं झाली. मी सांगते, 'आई, मामंजी वारले.' मग ऊर बडवून रडतात, आणि तासाभरानं पुन्हा दारात. रात्री 'मले माह्या घरी जाऊ दे' म्हणून कडी काढतात. घर तर हेच आहे! वस्तूंची नावं सुचत नाहीत, मधेच तेलुगू बोलतात, ते घरात कोणालाच समजत नाही. त्यांचा मुलगा म्हणतो नाटकं आहेत, कारण नागपूरची नणंद आली की दोन दिवस अगदी नीट बोलतात. शेजारच्या बाया म्हणतात बाहेरचं आहे, भगताकडे न्या. मी त्यांना रोज खरं सांगू की खोटं बोलू?"

ताई,

हे नाटक नाही, आणि बाहेरचंही नाही, बहुधा डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा मेंदूचा आजार आहे, हे आधी सांगते म्हणजे पुढचं निवांत वाचाल. भगताला द्यायचे पैसे तपासणीसाठी ठेवा.

मी डॉक्टर नाही. पण माझी आत्या शेवटची सहा वर्षं आमच्याकडे होती, आणि तुम्ही जे करता आहात तेच मी पहिलं दीड वर्ष केलं. ती दुपारी म्हणायची, "शाळा सुटली असंल, पोट्टे आले नाही अजून." मी म्हणायची, "आत्या, तुझे पोट्टे आता पन्नाशीचे झाले." भर बाजारात कोणी पदर ओढावा तसा तिचा चेहरा व्हायचा. आणि मी समजायची की मी तिला भानावर आणते आहे.

मेंदूत दोन्ही बाजूंना, साधारण कानाच्या उंचीवर आत, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग असतो. आज घडलेलं उद्यासाठी ठेवून देणं हे त्याचं काम. डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे अल्झायमर, आणि तो बहुतेकांत याच भागाच्या आसपास सुरू होतो. तुम्ही सकाळी दिलेला चहा सासूबाई प्यायल्या, पण तो आत कुठे ठेवलाच गेला नाही. "मले आज कोनं चहाच दिला नाही" असं त्या शेजारणीला सांगतात तेव्हा तुमची बदनामी करत नसतात. त्यांच्याकडे आज सकाळच नाही.

आपल्याला वेळ कळते ती कशावरून? घड्याळ नंतर आलं. सडा झाला, पाणी भरलं, भाकरी टाकल्या, निंदणाच्या बाया येऊन गेल्या, हे सगळं मागे साचत जातं आणि त्यावरून कळतं की आता तीन वाजले असतील. हे साचणंच थांबलं तर पाच मिनिटं आणि पाच तास यांत फरक राहत नाही. मुलगा नुसता परसात गेला तरी "केव्हाचा गेला, आला नाही" असं त्यांना खरोखरच वाटतं.

जुनं मात्र राहतं. कडब्याच्या गंजीवर वारं सुटलं की वरच्या पेंढ्या आधी उडतात, बुडाच्या दबून राहतात, तसं. फ्रान्समधल्या तेओद्यूल रिबो या अभ्यासकानं 1881 सालीच लिहून ठेवलं होतं की आजारात नव्या आठवणी आधी जातात आणि जुन्या जास्त टिकतात. सासूबाईंच्या गंजीवरून मामंजींचं मरण उडालं, कारण ते वरचं होतं. संसार खालचा होता, तो आहे.

आता बंडी. तुमच्या पत्रात मी या ओळीपाशी बराच वेळ थांबले.

आपल्याकडे 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्याला माल द्यायचा नाही, सगळा कापूस सरकारी संकलन केंद्रावर. ज्यांनी ते हंगाम पाहिले त्यांना केंद्राबाहेरच्या बंड्यांच्या रांगा सांगाव्या लागत नाहीत. कधी एक रात्र, कधी दोन-तीन. माणूस बंडीखालीच झोपायचा, बैलांचा कडबा सोबत न्यायचा, आणि घरी बाई रोज दिवेलागणीला दारात उभी राहून चाकांचा आवाज ऐकायची. मोबाईल नव्हता. आज आले तर भाकर लागेल, नाही आले तर झाकलेली सकाळी ढोरांना.

तुमच्या सासूबाई त्या वेळी पंचविशीतल्या असतील. मला खात्रीनं सांगता येणार नाही, पण मला वाटतं त्या तुमच्या दारात उभ्या नसतातच. त्या त्या हंगामातल्या संध्याकाळी उभ्या असतात, आणि त्या संध्याकाळी त्यांचं बोलणं अगदी बरोबर आहे.

हे संध्याकाळीच का, यालाही कारण आहे. दिवस-रात्र ओळखणारं एक शरीराचं घड्याळ मेंदूत असतं. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते जुळतं. या आजारात तेही ढिलं पडतं. त्यात मोतीबिंदू असला, घर अंधारं असलं, वीज गेलेली असली, दिवसभराचा थकवा आला, की कातरवेळी सगळं एकदम उसवतं. म्हणून अंधार पडायची वाट न पाहता दिवस असतानाच बल्ब लावा. सकाळी अर्धा-पाऊण तास अंगणात उन्हात बसवा. दुपारची झोप लांबू देऊ नका, चारनंतर चहा नको. एवढ्यानं सगळं थांबणार नाही, पण आत्याच्या बाबतीत रात्रीचं कडी काढणं आठवड्यातून सहा रात्रींवरून दोनवर आलं होतं.

तुमचा मुख्य प्रश्न खऱ्या-खोट्याचा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात 2014 साली एक छोटा प्रयोग झाला. अल्झायमरच्या सतरा रुग्णांना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांचे तुकडे पडद्यावर दाखवले. थोड्या वेळानं काय पाहिलं ते त्यांना जवळजवळ सांगता येईना. पण मनात आलेलं दुःख तसंच राहिलं होतं. कशाचं ते माहीत नाही, दुःख मात्र आहे. आता तुमच्या घरात पाहा. तुम्ही "मामंजी वारले" म्हणता तेव्हा ती बातमी त्या पहिल्यांदाच ऐकतात. रोज संध्याकाळी नव्यानं कुंकू पुसलं जातं. मग बातमी उडून जाते, आणि छातीत काहीतरी दाटलेलं राहतं ते घेऊन त्या रात्रभर घर शोधतात.

म्हणून अकरा वर्षांपूर्वीचं मरण रोज सांगायची गरज नाही. पण "आत्ता येतात, दहा मिनिटांत" असंही म्हणू नका. कारण मग त्या दारातून हलणार नाहीत, आणि कधी कधी नेमकं तेवढंच लक्षात राहतं. त्यांच्या त्या संध्याकाळी तुम्हीही पाय ठेवा. "रांग लय मोठी व्हय का आई?" असं विचारा. "भाकर झाकून ठेवली." ती खरंच झाकून ठेवा, ताटली दाखवा. "मामंजींना काय आवडायचं भाकरीसोबत?" बोलणं एकदा तिकडे वळलं की दार सुटतं. त्या बोलतील, कदाचित हसतील. यात तुम्ही खोटं काय बोललात? आणि कधी एखाद्या शांत दुपारी त्यांनीच डोळ्यांत पाहून विचारलं, "ते गेले ना वं?" तर हो म्हणा, जवळ बसा. तेव्हा लपवू नका.

"माह्या घरी जाऊ दे" याचंही तसंच. त्या वेळी घर म्हणजे या चार भिंती नव्हेत. सिरोंच्याचं असेल, आईचं असेल, किंवा नुसतं जिथे जिवाला बरं वाटायचं ते. "हेच तुमचं घर" म्हणून वाद घालू नका. दहा पावलं सोबत चाला, गोठ्यापर्यंत जा, वासराला हात लावू द्या, मग "चला, आता घरी जाऊ" म्हणून आणा. आणि आधी लघवीला नेऊन आणा, तहान-भूक विचारा. हे सांगायला शब्द नसले की बरेचदा 'घरी जायचं' एवढंच तोंडातून निघतं.

भाषेची गंजीही वरूनच उडते, फक्त थोडी वेगळ्या तऱ्हेनं. आधी नामं जातात. गडवा समोर दिसतो, त्याचं काय करायचं तेही हाताला माहीत, पण 'गडवा' हा शब्द येत नाही, मग "ते... ते पानी घ्याचं" असं फिरून यावं लागतं. नाहीतर शेजारचा शब्द हाती लागतो. ज्यांच्या नावानं हा आजार ओळखला जातो त्या अलॉइस अल्झायमरनी 1901 साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात एक्कावन्न वर्षांच्या आउगुस्ट डेटर नावाच्या बाईला तपासलं. ती जेवत होती, ताटात डुकराचं मांस आणि फुलकोबी. काय खाता, विचारलं तर म्हणाली, पालक. सव्वाशे वर्षांपूर्वीची ती नोंद वाचली तेव्हा मला आत्याच आठवली. ती वांग्याला मिरची म्हणायची आणि आपण चुकलो हे तिला चेहऱ्यावरूनच कळायचं.

शब्द गेले तरी बोलण्याची चाल बरीच टिकते. होकार, 'काहून वं', 'हाव ना', आवाजाचा चढउतार. आणि जे तोंडात बसलेलं असतं ते त्याहून जास्त टिकतं: एक ते वीस आकडे, आरती, भुलाबाईची गाणी, शिव्यासुद्धा. सासूबाईंनी कधी शिवी दिली नसेल आणि आता देत असतील तर मनाला लावून घेऊ नका. पण भुलाबाईचं एखादं गाणं तुम्ही सुरू करून पाहा आणि थांबा. पुढची ओळ त्यांच्याकडून आली तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

तेलुगूचं कोडं तर याच गंजीचं आहे. वऱ्हाडी त्यांना सासरी आल्यावर लागली. साठ वर्षं बोलल्या, पण तो वरचा थर. खाली आईची भाषा. अनेक भाषा येणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण बऱ्याच जणांत नंतर शिकलेली आधी निसटते, किंवा समोर कोण आहे हे न पाहता दोन भाषा एकमेकींत मिसळतात. समोरच्याची भाषा ओळखून ती निवडणं हेही मेंदूचंच काम आहे, आणि ते थकतं. तुम्हाला सगळी तेलुगू शिकायची गरज नाही. भिंतीवर खडूनं चार शब्द लिहा: नीळ्ळु म्हणजे पाणी, आकलि म्हणजे भूक, नोप्पि म्हणजे दुखणं, इंटिकि म्हणजे घरी. सिरोंच्याकडचं कोणी नातेवाईक असेल, भाचा-भाची, तर आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावून द्या. कुठे दुखतं हे त्या तिथे सांगतील, जे तुम्हाला महिनाभर सांगता आलं नसेल.

यात एक बरी गोष्टही आहे. हैदराबादच्या इस्पितळात डिमेन्शियाच्या 648 रुग्णांची पाहणी झाली, 2013 साली ती प्रसिद्ध झाली. ज्यांना दोन किंवा जास्त भाषा येत होत्या त्यांच्यात आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक होता. एकट्या सासूबाईंबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही. पण सून म्हणून परमुलखात येऊन त्यांनी जी दुसरी भाषा कमावली, ती नुसती सासरच्यांची सोय नव्हती असं समजायला हरकत नाही.

आता नणंद. हे जवळजवळ प्रत्येक घरात होतं, आणि त्यावरून सुनांच्या वाट्याला किती बोलणी येतात याची मोजदाद नाही. पाहुणा आला की रुग्ण सगळी शक्ती एकवटतो. ओळखीचे प्रश्न, ठरलेली उत्तरं: कशी आहेस माय, बरी आहे, पोरं कशी आहेत, बसा, चहा घ्या. ही तोंडात बसलेली भाषा आहे, ती टिकते हे वर आलंच. दोन दिवस निभतं आणि नणंदेची एसटी सुटली की त्या गळून पडतात. पुढच्या वेळी नणंदेला पाच दिवस ठेवून घ्या. संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात राहा, दारात सासूबाईंजवळ नणंद. वाद घालावा लागणार नाही.

तपासणी मात्र हवीच, आणि लवकर. विसरण्याची काही कारणं उपचारानं बरी होतात किंवा कमी होतात: बी-12 ची कमतरता, थायरॉइड, उदासीनतेचा आजार, डोक्याला मार लागून आत साचलेलं रक्त, काही औषधं. ऐकू कमी येणं आणि मोतीबिंदू यांनी गोंधळ वाढतो. तुम्हाला यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ, नाहीतर सेवाग्राम. मनोविकार विभागात किंवा मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे दाखवायचं आहे असं सांगा. त्या घेतात त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, जडीबुटीसुद्धा. आणि कागदावर लिहून न्या: काय, केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी.

एका इस्पितळात आत्याला तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आज तारीख किती. आत्यानं आयुष्यात तारीख वापरली नव्हती. तिला मृग लागला की कळायचं, पोळा कधी, बाजार कोणत्या वारी, अमावास्या किती दिवसांवर. तिला शून्य गुण मिळाले आणि ती ओशाळून माझ्याकडे पाहू लागली. न शिकलेल्यांसाठी वेगळी प्रश्नावली लागते. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांसाठी 1990च्या दशकात तशी हिंदीत तयारही झाली. तेव्हा डॉक्टरांना तुम्हीच सांगा, यांना तारीख नाही, पण कापूस वेचणीचे दिवस आहेत की पेरणीचे ते विचारा.

सगळ्यात जास्त घाई एका बाबतीत करा. काल होत्या तशा होत्या आणि आज अचानक फारच भ्रमिष्ट झाल्या, गुंगीत आहेत, किंवा नसलेली माणसं दिसतात, तर तो डिमेन्शिया पुढे सरकला असं समजून बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, मे महिन्यात अंगातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवी गोळी, यांनीही असं होतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री झोपाव्यात म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळी आणू नका. अशा गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात, आणि डोकं शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी डिमेन्शियाच्या रुग्णांत पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. अल्झायमरवर डॉक्टर देतात त्या गोळ्या आजार घालवत नाहीत, काहींना काही काळ थोडा फायदा होतो. तेवढीच अपेक्षा ठेवा.

कापसाच्या घरात फवारणीची औषधं असतातच. आजच कुलपात टाका. बाटलीवरचं नाव, तिचा वास, आता त्यांना थांबवणार नाही. विहिरीला झाकण, चूल विझवूनच उठायचं, दाराला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधा म्हणजे रात्री कडी निघाली की आवाज होईल. पोलिस पाटलांना आणि एसटी थांब्यावरच्या चहावाल्याला सांगून ठेवा, त्यांच्या पदराच्या गाठीत तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. लाज कसली? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीचा अंदाज असा की साठीच्या पुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे, एकूण 88 लाख, आणि खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. तुमच्याच गावात आणखी दोन-तीन घरं असतील. ती 'वय झालं' म्हणून गप्प आहेत.

हाताला काम द्या. शब्द जातात त्यानंतरही हात बरेच दिवस शहाणे राहतात. आत्याला मुलांची नावं आठवत नव्हती तेव्हाही ती वाती वळायची. सरकी काढलेला मूठभर कापूस मांडीवर, दोन बोटांनी ओढून लांब केलेला, तळहातावर एकच फिरकी, आणि वात तयार. एकही कमी-जास्त जाडीची नाही. मधेच बोट ओलं करायला वाटीकडे न पाहता हात जायचा. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ तिनं अशी काढली. आमच्या देवघरात अजून तिच्या वाती आहेत.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात एक ओळही लिहिली नाही. झोप किती होते, शेतावर कोण जातं, कोणाकडे रडता. मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत करणाऱ्या टेली-मानसचा 14416 हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वृद्धांसाठीचा 14567 वेगळा. सासूबाईंसाठीच नाही, तुमच्यासाठी म्हणूनही फोन करा.

आणि नवऱ्याला हे पत्र वाचून दाखवा. त्यांच्या लहानपणी कापसाची बंडी कोणत्या केंद्रावर जायची, ते कधी बापासोबत रांगेत झोपले होते का, बैलांची नावं काय होती, हे त्यांना ठाऊक असणार; तुम्हाला नाही. उद्या दिवस मावळायला लागला की दारात सासूबाईंजवळ तुम्ही नका जाऊ. त्यांना पाठवा.